संगणकाचा परकायाप्रवेश

आद्य शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची आख्यायिका आपल्यापैकीं पुष्कळांनीं कीर्तनांत ऐकली असेल. मंडनमिश्रांच्या पत्नीनें केलेल्या प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्यासाठीं आचार्यांनीं अमरुक राजाच्या मृत देहांत प्रवेश केला, अशी ती कथा आहे. तींतील चमत्काराचा भाग सर्वांच्या ध्यानांत राहतो. व्यवहाराचा भाग मात्र सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. तो असा कीं, नव्या देहांत शिरण्यापूर्वीं आचार्यांनीं आपला मूळ देह एका गुहेंत सुरक्षित ठेविला व शिष्यांना त्याच्या राखणीस बसविलें. परतीची वाट राखल्यावांचून त्यांनीं पाऊल टाकलें नाहीं.

घरांतील संगणकाचा मदरबोर्ड निकामी झाला म्हणजे गृहस्थानें जें करावयाचें, तें या कथेहून फारसें निराळें नाहीं. देह बदलावयाचा आणि आंतील ज्ञान, स्मृति व संवयी जशाच्या तशा ठेवावयाच्या. परंतु हल्लीं बहुतेक ठिकाणीं घडतें तें असें: यंत्र दुरुस्तीस जातें, दुरुस्तीवाला नवा बोर्ड बसवितो आणि त्याबरोबरच डिस्क पुसून विंडोज नव्यानें टाकून देतो. यालाच ‘फॉरमॅट मारणें’ असें म्हणतात. बिघडला बोर्ड आणि पुसली गेली निर्दोष डिस्क! ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण याहून अधिक चपखलपणें कोठें लागू पडेल, असें वाटत नाहीं. घरांतील सर्वांचीं छायाचित्रें, हिशेब, पत्रव्यवहार आणि वडीलधाऱ्यांचें लेखन ज्या एका यंत्रांत साठलेलें असतें, त्याच्या बाबतींत ही गोष्ट केवळ गैरसोयीची नसून हानीची आहे. म्हणून ती टाळावी कशी, याचा येथें विचार करूं.

देह कोणता आणि जीव कोणता

संगणकाची पेटी उघडली असतां तळाशीं जो मोठा फलक दिसतो, ज्यावर प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या आणि नाना तऱ्हेच्या तारा बसविलेल्या असतात, तो मदरबोर्ड. सर्व अवयवांचा परस्परांशीं संबंध त्याच्याच द्वारें घडतो. परंतु आपण लिहिलेलें एक अक्षरहि त्याच्यावर साठत नाहीं. तें साठतें डिस्कवर. आणि विंडोज किंवा लिनक्स ही जी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तीहि डिस्कवरच असते. तेव्हां बोर्ड हा देह आणि डिस्क हा जीव, असें स्थूलमानानें म्हणण्यास हरकत नाहीं.

मग बोर्ड बदलल्यावर जुनी डिस्क जोडली कीं काम व्हावें. तें पूर्वीं होत नसे, याचें कारण ओळखीचा अभाव. कार्यप्रणाली प्रत्येक अवयवाशीं ‘ड्रायव्हर’ नांवाच्या दुभाष्यामार्फत बोलते. डिस्क वाचण्यासाठींहि दुभाष्या लागतो, आणि तो तर अगदीं प्रथम लागतो. विंडोज एक्सपी (२००१) किंवा विंडोज ७ (२००९) यांची घडण अशी होती कीं, ज्या बोर्डावर त्यांची स्थापना झाली असेल त्याच्यापुरताच हा पहिला दुभाष्या जागा राही. नव्या बोर्डाची भाषा निराळी निघाली म्हणजे ज्या डिस्कवरून आपण सुरू होत आहों तीच विंडोजला वाचतां येईना, आणि निळा पडदा येऊन सर्व कारभार थांबे. त्या पडद्यावरील अखेरचीं अक्षरें ‘सेव्हन-बी’ अशीं असत. बोर्ड बदलला कीं फॉरमॅट केलाच पाहिजे, हा समज त्या काळांतील आहे, आणि त्या काळीं त्यांत बरेंचसें तथ्यहि होतें.

पुढें स्थिति पालटली. विंडोज ८ (२०१२) पासून, आणि विशेषतः विंडोज १० (२०१५) पासून, प्रचारांतील बहुतेक बोर्डांचे मूळ दुभाषे प्रणालीबरोबरच येतात व अनोळखी बोर्ड दिसल्यास आपण होऊन पुढें होतात. कारण गेलें, तरी रूढि मात्र राहिली आहे. शिवाय दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीनें फॉरमॅट हा ठराविक वेळेंत हमखास संपणारा उपाय आहे. त्याचा दोष इतकाच कीं, त्याचें मोल दुसऱ्याला मोजावें लागतें.

बोर्ड खरोखरच गेला आहे काय?

नाडी पाहिल्यावांचून औषध देऊं नये. यंत्र सुरू न झाल्यास पहिला संशय वीजपुरवठा करणाऱ्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर, घ्यावा. दुसरा डबा लावून पाहणें सोपें असतें. त्यानंतर रॅमची पट्टी काढून, तिचे संपर्कबिंदु स्वच्छ करून पुन्हां नीट बसवावी. यंत्र सुरू होतें परंतु दर वेळीं घड्याळ मागें जातें, अशी तक्रार असेल तर बोर्डावरील नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची बॅटरी संपलेली असते. सीआर २०३२ या नांवानें ती कोणत्याहि विजेच्या दुकानांत मिळते. एवढ्यावरून बोर्ड बदलणें म्हणजे चष्म्याची कांच पुसावयाच्या ऐवजीं डोळ्याची शस्त्रक्रिया करण्यासारखें आहे. उलट, बोर्डावरील छोट्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांचे माथे फुगले असतील, कांहीं ठिकाणीं जळल्याची खूण असेल, किंवा दमट हवेनें बिंदूंवर हिरवट गंज चढला असेल, तर मात्र बोर्डाचें आयुष्य संपत आलें असें समजावें.

राखणीची तयारी

आतां मुख्य भाग. नवा बोर्ड आणण्यापूर्वीं पुढील चार गोष्टी उरकल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, डिस्कची प्रत. यंत्र चालू असेल तर बाहेरील डिस्कवर सबंध डिस्कची प्रतिमा घ्यावी. क्लोनझिलासारखी मोफत साधनें त्यासाठीं आहेत. यंत्र बंद पडलें असेल तर डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीनें दुसऱ्या संगणकास लावावी व निदान घरांतील मंडळींचे कागद व छायाचित्रें उतरून घ्यावींत. हीच ती गुहा आणि हेच ते शिष्य. ही प्रत तयार होईपर्यंत पुढील कोणतीहि गोष्ट करूं नये.

दुसरी गोष्ट, कुलुपाची किल्ली. विंडोजमध्यें बिटलॉकर नांवाची सोय आहे. ती डिस्कवरील मजकूर कुलुपबंद करून ठेवते. त्याची रोजची किल्ली टीपीएम नांवाच्या सुरक्षित कप्प्यांत असते, आणि तो कप्पा बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्यें असतो. बोर्ड बदलला कीं ती किल्ली गेली. मग यंत्र ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागतें. ती न मिळाल्यास डिस्क धडधाकट असूनहि आंतील एक ओळहि वाचतां येत नाहीं. पुष्कळांना आपल्या यंत्रांत असें कुलूप आहे हेंच ठाऊक नसतें. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें नवी स्थापना केल्यास तें बहुधा आपोआपच लागतें. हे ४८ अंक बहुतेक वेळां त्याच खात्यांत नोंदलेले असतात. ते आजच पाहून कागदावर उतरून ठेवावेत. जुना बोर्ड चालू असेल तर बदलापूर्वीं कुलूप तात्पुरतें स्थगितहि करतां येतें.

याला लागूनच आणखी एक बारीक सूचना. विंडोजमध्यें शिरण्यासाठीं आपण जो चार किंवा सहा अंकी पिन वापरतों, तोहि त्याच कप्प्याशीं बांधलेला असतो आणि नव्या बोर्डावर चालत नाहीं. त्या वेळीं खात्याचा मूळ पासवर्ड लागतो. तो कोणा एकाच्या स्मरणांत तरी असला पाहिजे.

तिसरी गोष्ट, परवाना. येथें एक मौज आहे. कुटुंब आपलें यंत्र डिस्कवरून ओळखतें. परंतु विंडोजचा परवाना तें मुख्यतः बोर्डावरून ओळखतो. यंत्राबरोबर आलेला, म्हणजे ओईएम जातीचा परवाना, त्या बोर्डाशींच बांधलेला असतो. निराळा विकत घेतलेला रिटेल परवाना दुसऱ्या बोर्डावर नेतां येतो. २०१६ सालापासून हा परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशीं जोडून ठेवण्याची सोय झाली आहे. जोडणी आधीं केलेली असेल तर नव्या बोर्डावर ‘या यंत्राचे भाग नुकतेच बदलले आहेत’ असें सांगून परवाना पुन्हां जागृत करून घेतां येतो. न झाल्यास यंत्र बंद पडत नाहीं. कोपऱ्यांत सूचना दिसत राहते व कांहीं सजावटी करतां येत नाहींत. परंतु खरा परवाना घेणें हेंच सरळ होय.

चौथी गोष्ट, प्रारंभाची रीत. जुनीं यंत्रें ‘लेगसी’ रीतीनें सुरू होत व त्यांच्या डिस्कची मांडणी एमबीआर पद्धतीची असे. नवीं यंत्रें यूईएफआय रीतीनें सुरू होतात व त्यांना जीपीटी मांडणी लागते. कित्येक नव्या बोर्डांत जुन्या रीतीची सोयच नसते. अशा बोर्डास जुन्या मांडणीची डिस्क लावली तर ‘डिस्क सांपडत नाहीं’ असें उत्तर येतें, आणि घाबरलेला गृहस्थ फॉरमॅटला संमति देऊन बसतो. वस्तुतः २०१७ पासून विंडोज १० मध्यें मजकूर न पुसतां एमबीआरचें जीपीटी करणारें साधन दिलेलें आहे. प्रत घेतलेली असली म्हणजे तें निर्धास्तपणें वापरावें. त्याचप्रमाणें जुन्या बोर्डावर डिस्क ‘एएचसीआय’ अथवा ‘रेड’ यांपैकीं ज्या पद्धतीनें चालत होती, तीच नव्या बोर्डाच्या मांडणींतहि निवडावी. पद्धत बदलणें भागच असेल तर विंडोज एकदां ‘सेफ मोड’मध्यें सुरू करावें, त्या वेळीं प्रणाली डिस्कचे सर्व दुभाषे जागे करते व योग्य तो निवडते.

देहान्तर

यंत्रकामाचा भाग त्या मानानें सोपा आहे. प्रोसेसर व रॅम जुनींच ठेवावयाचीं असतील तर बोर्डाची बैठक त्यांना जुळली पाहिजे. डीडीआर ३ जातीची रॅम डीडीआर ४ च्या खांचेंत बसतच नाहीं. आठदहा वर्षांपूर्वींच्या प्रोसेसरसाठीं नवा बोर्ड सहसा मिळत नाहीं. मुंबईंत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत जुने बोर्ड मिळतात, परंतु ते पारखून घ्यावे लागतात. पुष्कळदां बोर्डाबरोबर प्रोसेसर व रॅमहि नवींच घेणें हिताचें ठरतें. काम करतांना वीज तोडावी, पेटीच्या धातूस हात लावून अंगांतील स्थितिक वीज उतरवावी, जुन्या तारांचें छायाचित्र काढून ठेवावें व बोर्डाखालीं पितळी पायांची जागा जुळवावी. प्रोसेसरवर नवा थर्मल पेस्ट लावण्यास विसरूं नये.

नव्या बोर्डाच्या नेटवर्कचा ड्रायव्हर आधींच पेनड्राइव्हवर आणून ठेवावा. इंटरनेट नाहीं म्हणून ड्रायव्हर नाहीं, आणि ड्रायव्हर नाहीं म्हणून इंटरनेट नाहीं, असा अन्योन्याश्रय यामुळें टळतो.

पहिल्या प्रारंभास वेळ लागतो. पडद्यावर ‘गेटिंग डिव्हायसेस रेडी’ अशीं अक्षरें येतात, यंत्र एकदोन वेळां आपण होऊन बंद होऊन पुन्हां सुरू होतें. या वेळीं धीर धरावा. मध्येंच वीज तोडूं नये.

एक उदाहरण

आमच्या घरीं २०१४ सालीं घेतलेला संगणक होता. थोरले बंधू अण्णा यांनीं आमच्या कुलवृत्तान्तासाठीं जमविलेलीं टिपणें त्यांतच होतीं. कांहीं तर त्याआधींच्या यंत्रावरून उतरून घेतलेलीं. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत होता. युनिकोडपूर्व फॉन्टांत मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असतात, आणि फॉन्ट गेला कीं आपल्या पणजोबांचें नांव रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन समोर येतें. तो फॉन्ट पुन्हां स्थापण्याची सीडी घरांत कोणास सांपडत नव्हती.

२०२३ च्या पावसाळ्यांत बोर्ड जळला. दुरुस्तीवाला आला, पाहून म्हणाला, “बोर्ड नवा टाकतों, विंडोजहि नवें टाकतों. संध्याकाळपर्यंत यंत्र देतों.”

“आणि आंतलें लेखन?” अण्णांनीं विचारलें.

“फाइली काढून देतों कीं. फॉन्ट-बिंट तेवढे तुमचे तुम्ही टाका.”

अण्णा होकार देण्याच्या बेतांत होते. इतक्यांत त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “बाबा, बोर्ड जळला आहे, डिस्क जिवंत आहे. तिला हात कां लावूं द्यायचा?” त्यांनीं डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि रात्रभर प्रत घेतली. नवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम चार दिवसांनीं आलीं. बोर्डांत जुन्या रीतीची सोय होती. तिच्यावर यंत्र सुरू झालें, दोनदां बंद होऊन पुन्हां उठलें आणि अखेरीस अण्णांचा नेहमींचा पडदा समोर आला. मग त्यांनीं डिस्कची मांडणी जीपीटी करून घेतली. परवाना रिटेल व खात्याशीं जोडलेला असल्यानें तोहि मान्य झाला. अण्णांनीं पहिली फाइल उघडली ती सातव्या पिढीची. अक्षरें जागच्या जागीं होतीं. त्यानंतरच्या दोन महिन्यांत तीं सर्व टिपणें युनिकोडमध्यें उतरून घेण्यांत आलीं. खरी सुरक्षितता त्यांतच आहे; बोर्डाचा प्रसंग हें केवळ निमित्त.

इतर प्रणालींविषयीं थोडेंसें

लिनक्स वापरणाऱ्यांचें काम बरेंच सुकर असतें, कारण ती प्रणाली दर प्रारंभीं भोंवतालचे अवयव नव्यानें ओळखते. तिच्या बाबतींत अडतें तें दोन ठिकाणीं: प्रारंभाची नोंद जुन्या बोर्डाच्या स्मृतींत राहिलेली असते, ती नव्यावर पुन्हां करावी लागते, आणि नेटवर्कच्या जोडणीचें नांव बदलतें. एनव्हिडियासारखा निराळा ड्रायव्हर असल्यास तोहि पाहावा.

याच्या उलट टोकास अॅपलचीं अलीकडील मॅकबुकें आहेत. त्यांत साठवणीच्या चकत्या बोर्डावरच डाखलेल्या असतात व कुलुपाची किल्लीहि तेथेंच असते. तेथें देह आणि जीव वेगळे करतांच येत नाहींत. बोर्ड गेला कीं सर्व गेलें. अशा यंत्राच्या धन्यानें बाहेर प्रत न ठेवणें हें विमा न उतरवितां गलबत सोडण्यासारखें होय.

फॉरमॅट केव्हां योग्य?

फॉरमॅट सर्वस्वीं त्याज्य आहे, असें म्हणण्याचा हेतु नाहीं. प्रणालींत विषाणु शिरला असेल, डिस्कच झिजत आली असेल, किंवा देहान्तरानंतरहि यंत्र कारणावांचून अडखळत असेल, तर नवी स्थापना हाच शुद्ध उपाय. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीं आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. तेव्हां विंडोज ११ कडे जाणेंहि अनेकांस भाग आहे. त्याला टीपीएम २.० लागतो, आणि नव्या बोर्डांत तो बहुधा असतोच. मात्र मांडणींत चालू करावा लागतो. परंतु एका वेळीं एकच बदल करावा. आधीं बोर्ड बदलून यंत्र स्थिर होऊं द्यावें. मग मजकूर तसाच ठेवून वरची आवृत्ति घ्यावी. दोन्ही गोष्टी एका दिवशीं केल्या आणि कांहीं बिघडलें, तर दोष कोणाचा हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं.

तात्पर्य, नवी स्थापना ही विचारपूर्वक केलेली निवड असावी. बोर्ड बदलल्याबद्दलची शिक्षा नसावी.

एकत्र कुटुंबांत दागदागिन्यांची, जमिनीच्या उताऱ्यांची आणि विम्याची नोंद ज्या वहींत असते, त्याच वहीचें एक पान संगणकास द्यावें. त्यावर बिटलॉकरचे ४८ अंक, खात्याचें नांव, परवाना कोणत्या जातीचा, डिस्कची मांडणी कोणती आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेस घेतली, या पांच गोष्टी लिहाव्यात; पासवर्ड कोणास ठाऊक आहे, तेंहि लिहावें. वही कपाटांत बंद असावी आणि घरांतील निदान दोघांना तिची जागा ठाऊक असावी. हें पान लिहावयास अर्धा तास पुरतो. परंतु तो अर्धा तास यंत्र चालू असतांनाच सांपडतो.